‘वेस्टवर्ल्ड’ ही मालिका बघण्याआधी १९७३ चा मूळ चित्रपट बघायलाच हवा का?

नाही, थेट मालिकेपासून सुरुवात करा. काही अडणार नाही. मी अंधेरीत सबटायटलचं काम करतो, दोन्ही ओळीओळीने तपासून पाहिलंय. मायकल क्रायटनच्या चित्रपटातून मालिकेने मुख्यतः मांडणी उचलली आहे: पैसेवाल्यांसाठी यंत्रमानवांचं करमणूक-उद्यान आणि तिथे बिघडलेला कारभार. कथा मात्र उलट्या बाजूने सांगितली आहे. चित्रपट पाहुण्यांच्या नजरेतून चालतो. यूल ब्रिनरचा काळ्या कपड्यांतला बंदूकबाज मागे लागतो, आपण पाहुण्यांसोबत पळतो. त्याच्या मनात काय चाललंय याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. २०१६ मध्ये एचबीओवर आलेल्या जोनाथन नोलन-लिसा जॉय यांच्या मालिकेत दुःख, आठवणी, बंड सगळं यंत्रांचं, आणि माणसंच भयंकर. चित्रपटात यंत्रमानव ओळखायचा तो हातांवरून, कारण कारागिरांना हात नीट जमलेले नसतात. मालिकेत ही खूणही उरत नाही, तिथेच सगळी मजा आहे. पहिल्या सीझनमध्ये तळघरात एक जुना बंदूकबाज ओझरता दिसतो, तेवढी गंमत तुमची हुकेल. दुसऱ्या सीझनमध्ये ब्रिटिश राजवटीतल्या भारताचं उद्यानही आहे, पण आपल्याकडच्या प्रेक्षकाने फार आशा ठेवू नये, वाघ आणि हत्तींपुरतंच आहे ते.

एक मात्र लक्षात ठेवा: मालिका चार सीझननंतर २०२२ मध्ये बंद केली, ठरलेला पाचवा आलाच नाही. पूर्ण शेवट असलेली गोष्टच हवी असेल तर चित्रपट बघा. दीड तासाचाच आहे, विरार-चर्चगेट स्लो लोकलमध्ये संपतो.