अस्थिमज्जेतील जोडकेंद्री पेशी

प्रश्न : माझ्या सतरा वर्षांच्या मुलाचे हिमोग्लोबिन लहानपणापासून नऊच्या आसपास असते, डोळे पिवळसर दिसतात आणि प्लीहा वाढलेली आहे. थॅलेसेमियाची तपासणी निर्दोष निघाली. मात्र अस्थिमज्जेच्या अहवालात ‘दोन केंद्रके असलेल्या पूर्वपेशी’ असा शेरा आहे. हा कर्करोग तर नव्हे?
– एक वाचक

उत्तर : लहानपणापासूनची लक्षणे पाहता, केवळ या शेऱ्यावरून कर्करोगाची धास्ती घेण्याचे कारण नाही. तांबडी पेशी अस्थिमज्जेत घडताना तिची पूर्वपेशी अनेकदा विभागते, आकाराने लहान होत जाते आणि शेवटी केंद्रक बाहेर टाकून रक्तात उतरते. काही आनुवंशिक रक्तक्षयांत (जन्मजात डिसएरिथ्रोपोएटिक रक्तक्षय, म्हणजे सीडीए) ही घडणच बिघडते. केंद्रक दुभंगते, पण पेशी दुभंगत नाही, आणि अशा बऱ्याच पेशी अस्थिमज्जेतच नष्ट होतात. म्हणून कावीळ दिसते, तरी रक्तातील रेटिक्युलोसाइट (नुकत्याच तयार झालेल्या तांबड्या पेशी) अपेक्षेइतके वाढत नाहीत.

जर्मनीतील हाइम्पेल आणि वेंट यांनी 1968 मध्ये या विकारांचे तीन प्रकार मांडले, तेही मुख्यतः सूक्ष्मदर्शकाखालील रूपावरून. पहिल्यात दोन पेशींची केंद्रके क्रोमॅटिनच्या (गुणसूत्रे ज्याची बनतात त्या द्रव्याच्या) बारीक धाग्याने जोडलेली दिसतात आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रक सच्छिद्र चीजसारखे भासते. सर्वाधिक आढळणाऱ्या दुसऱ्या प्रकारात परिपक्व होत आलेल्या पूर्वपेशींपैकी साधारण दहा टक्क्यांहून अधिक पेशींत दोन सारखी केंद्रके असतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशीपटलाच्या आत दुसरी समांतर रेषा उमटते, जी वस्तुतः अंतर्द्रव्यजालिकेचा (पेशीच्या आतील पडद्यांच्या जाळ्याचा) उरलेला भाग असते. तिसऱ्या, अतिशय विरळ प्रकारात अनेक केंद्रकांच्या महाकाय पेशी असतात. त्याचे सर्वांत परिचित कुटुंब उत्तर स्वीडनचे आहे.

तथापि जोडकेंद्री पेशी ब-12 जीवनसत्त्वाच्या अभावातही, थॅलेसेमियातही दिसतात. त्यामुळे स्लाइडवर निदान संपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ब-12 तपासून घ्यावे आणि जनुकीय चाचणीबद्दल रक्तविकारतज्ज्ञांना विचारावे. दुसऱ्या प्रकाराला कारण ठरणारे सेक-23-बी जनुक 2009 मध्ये सापडले. हा प्रकार अप्रभावी वारशाने येतो, म्हणजे आई-वडील दोघेही वाहक (सदोष जनुकाची एकच प्रत असलेले) असतील तर प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता पंचवीस टक्के असते.

एक सूचना मात्र आजच पाळावी. हिमोग्लोबिन कमी म्हटले की आपल्याकडे लोहाच्या गोळ्या सर्रास सुरू होतात. या विकारात आतडी मुळातच जास्त लोह शोषतात आणि ते यकृतात व हृदयात साठते. फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) पाहिल्याविना आणि तज्ज्ञांच्या सल्ल्याविना मुलाला लोह देऊ नये.