दुःख सोसल्याने माणूस खरंच घडतो का?

तुम्ही विचारलंय की दुःखाला स्वतःचं असं काही नैतिक मूल्य असतं का, आणि खाली लिहिलंय की घरचे सारखे ऐकवतात, तू सुखात वाढलास म्हणून कच्चा राहिलास. माझं उत्तर दोन्हीला नाही असंच आहे. मी राजापूरकडचा, आमच्याकडे हे सोसण्याचं कौतुक जरा जास्तच चालतं त्यामुळे थोडं लांबड लागेल, सांभाळून घ्या.

आमच्याकडच्या भाषणांत एक वाक्य हमखास असतं, कोकणी माणूस सोशिक म्हणून इथला शेतकरी आत्महत्या करत नाही. मला हे ऐकलं की चीड येते. अहो इथे जमिनीचे तुकडे एवढेएवढे, भात पिकवायचं ते घरात खायला, वरचा पैसा पिढ्यान्पिढ्या मुंबईहून मनीऑर्डरने आलेला. कापसासाठी कर्ज काढून पावसाची वाट बघणं आमच्या वाट्याला आलंच नाही. मग विदर्भातला माणूस गेला तो काय चारित्र्य कमी पडलं म्हणून गेला? सोशिकपणाचा हिशोब लावताना सावकार आणि बँक बरोब्बर वगळायची, हे काही खरं नाही. (आणि नुसतं सोसून माणूस घडत असता तर २०११ पासून मुंबई-गोवा हायवेचं रुंदीकरण सोसणारे आम्ही सगळे एव्हाना संत झालो असतो.)

आता घरातलंच सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर, त्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गचे किती असतील विचारू नका, आमच्या वाडीत तर मनीऑर्डरी एकदमच थांबल्या. माझे दोन्ही काका गिरणीत होते. थोरले काही महिने वाट बघून गावी आले, घर होतं, थोडी कलमांची झाडं होती, आजी होती, पहिली काही वर्षं ओढगस्तीची गेली पण उभे राहिले, पुढे वाडीतले लोक सल्ला विचारायला त्यांच्याकडे यायचे. धाकटे मुंबईतच राहिले, आज गिरणी उघडेल उद्या उघडेल करत, संप तर रीतसर मागेच घेतला गेला नाही कधी. आधी खोली गेली, मग दारू आली, मग काकी मुलांना घेऊन माहेरी गेली. दोघांना एकच मार बसला, एकाच महिन्यात बसला. पण गणपतीला सगळे जमले की थोरल्यांचंच उदाहरण निघतं, संपाने माणूस घडवला म्हणे. धाकट्यांचं नाव कोणी काढत नाही. थोरल्यांना संपाने नाही, त्या कलमांनी आणि आजीने वाचवलं असं मला वाटतं, आणि गंमत म्हणजे ते स्वतःही तसंच म्हणायचे.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात ना, ते मूर्तीच्या दगडाचं झालं. आमच्या कोकणातल्या जांभ्या दगडावर तशी टाकी चालवलीत तर देव मिळत नाही, भुगा मिळतो.

बरं, संकटानंतर मी जास्त चांगला माणूस झालो असं लोक मनापासून सांगतात, खोटं बोलत नाहीत. पण मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया फ्रेझियर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक अभ्यास छापला, त्यात विद्यार्थ्यांची मोजमापं संकटाच्या आधीही घेतलेली होती आणि नंतरही, तर आपण किती बदललो असं त्यांना वाटत होतं आणि मोजून किती बदल दिसत होता, याचा फारसा मेळ बसला नाही. २०१३ चा दुसरा अभ्यास आपल्या तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा आहे. तोच शेतकरी पीक निघायच्या आधी, हात आखडता असताना, बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडत होता आणि पैसे हातात आल्यावर पुढे जात होता. म्हणजे तंगीने डोकं तल्लख होण्याचं सोडाच, आहे तेही त्या विवंचनेतच अडकून पडतं.

मग नैतिक मूल्य असतं तरी कशात? साने गुरुजी आमच्याच जिल्ह्यातले, दापोली तालुक्यातल्या पालगडचे. गरिबीने आणि आईच्या संस्काराने घडलेला माणूस म्हणून शाळेत शिकवतात. १९४७ च्या मे महिन्यात त्यांनी पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं, ती भूक त्यांनी स्वतः निवडलेली होती आणि कोणासाठी तरी होती. मोल त्या कारणाचं आहे. तेवढाच उपाशी दुष्काळातला माणूसही राहतो, त्याच्या भुकेत मला काही पुण्य दिसत नाही. आणि हेही शाळेत सांगत नाहीत की ११ जून १९५० ला गुरुजींनी स्वतःचं आयुष्य संपवलं. इतकं सोसलेल्या माणसालाही सोसण्याने कायमचं पक्कं केलं नव्हतं.

शिवाय दुःखच चांगलं असेल तर ते कमी करणं वाईट ठरायला पाहिजे. २२ जुलै २०२१ ला चिपळूणात वाशिष्ठीचं पाणी घरांत घुसलं तेव्हा ज्यांनी लोकांना गच्च्यांवरून होड्यांनी काढलं, त्यांनी त्या लोकांचं चारित्र्य बिघडवलं म्हणायचं का? त्या दिवशी चांगलं जे काही होतं ते होडी घेऊन जाणाऱ्यांत होतं, पाण्यात नव्हतं.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. मानसशास्त्रज्ञ मार्क सीरी आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात ज्यांच्या वाट्याला थोडीफार संकटं आली होती ते, काहीच न आलेल्यांपेक्षा मानसिकदृष्ट्या जरा बरे आढळले, फार संकटं आलेले मात्र खालीच होते. त्यामुळे घरच्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य असेल. पण त्यासाठी मुद्दाम दुःख शोधत फिरू नका, अवघड काहीतरी शिकायला घ्या, आजारी नातेवाईकाची रात्रपाळी करा, जमलं तर पुढच्या पुरात गाळ काढायला या, फावडी आमच्याकडे आहेत.