अमेरिकेतील इनडोअर फुटबॉलचे संघ जिंकत असूनही बंद का पडतात?

प्रश्नकर्त्याने विचारले आहे की, अमेरिकेत छताखाली खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलचे छोटे संघ सतत बंद पडतात, नाव बदलतात आणि पुन्हा उभे राहतात, हे नेमके कशामुळे होते, आणि अशा एखाद्या संघाचा इतिहास कोणी सांगू शकेल का. न्यूयॉर्क राज्याची राजधानी असलेल्या ऑल्बनी शहरात मी राज्य सरकारच्या संगणक प्रकल्पांवर कंत्राटी काम करतो आणि येथील संघाचे सामने २०१८ पासून पाहत आलो आहे, म्हणून याच संघाचा इतिहास सांगतो. थोडक्यात उत्तर हवे असेल तर असे म्हणता येईल की, ऑल्बनीचा संघ मैदानावरील पराभवामुळे एकदाही बंद पडला नाही. एकदा मालकाने तो दुसऱ्या शहरात नेला, दोनदा तो ज्या लीगमध्ये खेळत होता ती लीगच बुडाली, आणि एकदा मालकाने वर्गणी भरली नाही म्हणून लीगने त्याला बाहेर काढले.

आधी खेळाविषयी, कारण नेहमीच्या अमेरिकन फुटबॉलशी (म्हणजे रग्बीसारख्या, चेंडू हातात घेऊन धावण्याच्या खेळाशी) याचा नुसता तोंडवळा मिळतो. जिम फॉस्टर नावाच्या गृहस्थांना १९८१ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकरचा सामना पाहताना ही कल्पना सुचली आणि त्यांनी हातातल्या पाकिटावरच मैदानाचा आराखडा काढला, अशी या खेळाची जन्मकथा आहे. १९८७ मध्ये चार संघांची ‘अरीना फुटबॉल लीग’ सुरू झाली. हा खेळ आइस हॉकीच्या मैदानात मावेल असा बेतलेला आहे : लांबी १०० ऐवजी ५० यार्ड, रुंदी ८५ फूट, आणि प्रत्येक बाजूला अकराऐवजी आठ खेळाडू. गोलच्या खांबांच्या दोन्ही बाजूंना ताणलेल्या जाळ्या असतात आणि त्यांवर आपटून परत आलेला चेंडू खेळात धरला जातो, म्हणजे कॅरममध्ये सोंगटी कडेला लागून यावी तसे. लाथ मारून चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करण्याची मुभा नसल्याने प्रत्येक संघ सतत धावा... म्हणजे गुण जमवत राहतो (क्रिकेटची सवय सुटत नाही), आणि साठ-पन्नास असा निकाल कोणाला नवलाचा वाटत नाही. मैदानाच्या कडेला रेषेऐवजी फोम लावलेली कमरेएवढी भिंत असते.

ऑल्बनीत हा खेळ १९९० मध्ये आला. त्याच वर्षी जानेवारीत उघडलेल्या निकरबॉकर अरीना या नव्या इमारतीत ‘ऑल्बनी फायरबर्ड्स’ खेळू लागले. या संघाचा सर्वांत मोठा खेळाडू एडी ब्राऊन, ज्याला लोक ‘टचडाउन’ एडी ब्राऊन म्हणत (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन गुण मिळवणे म्हणजे टचडाउन). २००६ साली लीगने आपल्या इतिहासातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचीच निवड केली. १९९९ च्या ऑगस्टमध्ये याच इमारतीत, जिचे नाव तोवर पेप्सी अरीना झाले होते, फायरबर्ड्सनी ओरलँडो प्रेडेटर्सचा ५९-४८ असा पराभव करून अजिंक्यपद मिळवले. त्यानंतर एकच मोसम गेला आणि संघ उचलून इंडियानापोलिसला नेण्यात आला. शहराला विचारण्याचा प्रश्नच नव्हता, कारण अमेरिकेत संघ ही मालकाची मालमत्ता असते आणि ती तो बिऱ्हाड हलवावे तशी हलवू शकतो. पुढे २००२ ते २००९ या काळात दुय्यम लीगमधील एक संघ आधी ‘काँक्वेस्ट’ आणि शेवटच्या वर्षी पुन्हा ‘फायरबर्ड्स’ या नावाने खेळला. मुख्य लीगने २००९ चा मोसम रद्द करून दिवाळखोरी पत्करली, त्यापाठोपाठ दुय्यम लीगही विसर्जित झाली आणि ऑल्बनीतील फुटबॉल थांबला. जी लीग २००३ ते २००६ या काळात एनबीसीसारख्या मोठ्या वाहिनीवर दिसत होती, तिची तीन वर्षांत ही गत झाली.

यानंतरचा भाग मी स्वतः पाहिलेला आहे. २०१७ मध्ये येथील आइस हॉकीचा संघ बिंगहॅम्टनला निघून गेला, त्यामुळे इमारतीच्या तारखा रिकाम्या पडल्या. पुनरुज्जीवित झालेली अरीना फुटबॉल लीग २०१८ मध्ये ‘ऑल्बनी एम्पायर’ हा संघ घेऊन आली. न्यूयॉर्कला ‘एम्पायर स्टेट’ म्हणतात, म्हणून हे नाव. त्या वर्षी संपूर्ण लीगमध्ये मिळून चारच संघ होते. साखळीत एम्पायर पहिला आणि बारापैकी केवळ दोन सामने जिंकलेला वॉशिंग्टन व्हॅलर शेवटचा. पण संघ चारच असल्याने बाद फेरीत चौघांनाही प्रवेश होता, आणि दोन सामन्यांच्या एकूण गुणांवर त्या शेवटच्या वॉशिंग्टनने पहिल्या ऑल्बनीला घरी बसवले व पुढे अजिंक्यपदही पटकावले. एवढ्या लहान लीगमध्ये स्पर्धेला काय अर्थ उरतो, हा विचार मला तेव्हाच यायला हवा होता.

२०१९ मध्ये मात्र एम्पायरने बारापैकी दहा सामने जिंकले आणि ११ ऑगस्टला, रविवारी, अंतिम सामना ऑल्बनीतच झाला. मी दुसऱ्या रांगेत होतो. दूरचित्रवाणीवर या खेळाची जी गोष्ट कधीच कळत नाही ती म्हणजे त्याचा आवाज. दोन-सव्वादोन मण वजनाचा माणूस धावत येऊन फोमच्या भिंतीवर आदळतो, तेव्हा उन्हात टाकलेली गादी काठीने झोडपावी तसा आवाज येतो आणि पहिल्या रांगेतल्यांचे पेय त्यांच्याच कपड्यांवर सांडते. प्रेक्षकांत गेलेला चेंडू परत करावा लागत नाही, ज्याला मिळेल त्याचा. त्या दिवशी तो माझ्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांच्या हाती आला. त्यांच्या अंगात फायरबर्ड्सचे विटलेले जाकीट होते. ते १९९० पासून येत होते आणि म्हणाले की, याच खुर्च्यांत बसून आपण तीन नावांच्या संघांसाठी ओरडलो आहोत, आणि इमारतीचेही हे तिसरेच नाव आहे. (तेव्हा ती टाइम्स युनियन सेंटर होती. २०२२ पासून तिला एमव्हीपी अरीना म्हणतात.) एम्पायरने फिलाडेल्फिया सोलला ४५-२७ असे हरवले, कागदाच्या चिठोऱ्यांचा पाऊस पडला, आणि बाहेर पडताना लोक पुढच्या वर्षीच्या तिकिटांबद्दल बोलत होते.

ते पुढचे वर्ष आलेच नाही. ऑक्टोबरमध्ये लीगने सर्व शहरांतील कामकाज आवरते घेतले आणि नोव्हेंबरच्या अखेरीस न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला, तोही देणी फेडून पुन्हा उभे राहण्याच्या कलमाखाली नव्हे तर मालमत्ता विकून दुकान बंद करण्याच्या कलमाखाली. या पडझडीमागे एका विमा कंपनीने लीगवर लावलेला लाखो डॉलरचा दावा होता. तो खेळाडूंच्या दुखापतींसाठी कायद्याने घ्याव्या लागणाऱ्या कामगार-भरपाई विम्याच्या थकलेल्या हप्त्यांबाबत होता. प्रश्नकर्त्याला ‘का’ याचे उत्तर हवे असेल तर त्याने या विम्याकडे नीट पाहावे. खेळाडूंचे मानधन बेताचे असते आणि ते बेताचे ठेवता येते, पण ज्या खेळात भिंत हाच मैदानाचा भाग आहे तेथे गुडघे, खांदे आणि मेंदूला बसणारे धक्के यांचा खर्च कोणत्याही मालकाला आपल्या मर्जीने कमी करता येत नाही. शिवाय बारा सामन्यांच्या मोसमात घरचे सामने सहाच, म्हणजे वर्षात फक्त सहा रात्री तिकिटे विकायची आणि त्यावर इमारतीचे भाडे, विमानप्रवास, राहण्याची सोय, विमा हे सगळे भागवायचे.

याची बेसबॉलशी तुलना केली म्हणजे फरक स्पष्ट होतो. तेथील दुय्यम संघांच्या खेळाडूंचे पगार मोठ्या लीगमधील पालक संघ देतो, कारण उद्याचे खेळाडू त्याला तेथूनच मिळतात. नदीपलीकडच्या ट्रॉय गावातील ‘व्हॅलीकॅट्स’ हा बेसबॉल संघ अनेक वर्षे ह्यूस्टनच्या संघाचे बोट धरून चालला, आणि २०२० नंतर ते बोट सुटल्यावरच त्याला स्वतंत्र लीगचा आसरा घ्यावा लागला. इनडोअर फुटबॉलला असे माहेर कधीच नव्हते. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या लीगला नवे खेळाडू महाविद्यालयांकडून फुकट तयार होऊन मिळतात, तेव्हा तिने या छोट्या संघांवर पैसा का घालावा? आयोवातील अशाच एका संघातून पुढे आलेला कर्ट वॉर्नर २००० च्या जानेवारीत सुपर बोलचा, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याचा, मानकरी ठरला, हे उदाहरण सर्वजण देतात, पण गेली पंचवीस वर्षे तेच एक उदाहरण द्यावे लागते, यातच काय ते आले.

कोविडचे वर्ष सरल्यानंतर २०२१ मध्ये एम्पायर त्याच नावाने, पण ‘नॅशनल अरीना लीग’ या लहान लीगमध्ये परतला आणि लागोपाठ दोन वर्षे अजिंक्य ठरला : पहिल्या वर्षी कोलंबस लायन्सला हरवून, दुसऱ्या वर्षी कॅरोलिना कोब्राजला. २०२३ च्या वसंतात बातमी आली की, एडी ब्राऊनचा मुलगा अँटोनियो ब्राऊन संघात भागीदार झाला आहे, आणि थोड्याच दिवसांत बहुतांश मालकी त्याच्याकडे गेली. हा एनएफएलमध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सकडून नाव कमावलेला, टाम्पा बे संघाबरोबर सुपर बोल जिंकलेला आणि २०२२ च्या जानेवारीत भर सामन्यात अंगातला शर्ट काढून मैदान सोडून गेलेला खेळाडू. वडिलांनी ज्या शहरात नाव मिळवले त्या शहराच्या संघाचा मुलगा मालक होतो, यात गोडवा होता हे मी नाकारत नाही. माझ्या कार्यालयातही लोक हरखले होते.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत जे झाले ते वाचताना गणेश मंडळाच्या भांडणाची आठवण होते, फक्त आकडे डॉलरमध्ये. मुख्य प्रशिक्षक गेले, चांगले खेळाडू सोडून गेले, मालक स्वतः मैदानात उतरणार अशी जाहिरात झाली पण तो उतरला नाही, आणि गतविजेता संघ सामन्यामागून सामना हरू लागला. नॅशनल अरीना लीगमध्ये प्रत्येक मालकाला दरमहा वर्गणी भरावी लागते. त्यातूनच लीगचा सामाईक खर्च चालतो. लीगने जाहीर केले की, ब्राऊनने एप्रिलची वर्गणी भरली, पण मे महिन्याच्या मध्यावर त्या व्यवहारावर हरकत घेऊन ती रक्कम परत मिळवली, मे महिन्याची वर्गणी दिली नाही, आणि लीगविषयी जाहीर वक्तव्ये केल्याबद्दल ठोठावलेला एक हजार डॉलरचा दंडही भरण्यास नकार दिला. १५ जून २०२३ रोजी इतर मालकांनी मिळून एम्पायरला लीगमधून काढून टाकले. मोसम अर्धवट राहिला आणि उरलेले घरचे सामने रद्द झाले.

यात सारा दोष ब्राऊनच्या माथी मारणे मला अपुरे वाटते. ज्या लीगचा डोलारा एका मालकाच्या दोन महिन्यांच्या वर्गणीने हलतो, तिच्याकडे गंगाजळी नावाचा प्रकार नसतो, आणि म्हणूनच नव्या मालकाची आर्थिक पत व स्वभाव तपासून पाहण्याऐवजी जो नाव आणि पैसा घेऊन येईल त्याचे स्वागत केले जाते. ऑल्बनीतही तेच झाले.

२०२४ मध्ये ब्राऊनच्या आधीच्या स्थानिक मालकाने ‘फायरबर्ड्स’ हे जुने नाव घेऊन संघ पुन्हा उभा केला. अरीना फुटबॉल लीगही त्याच वर्षी तिसऱ्यांदा जिवंत झाली होती आणि तिने सोळा संघांची घोषणा केली होती. एप्रिलच्या अखेरीस मोसम सुरू झाला आणि काही आठवड्यांतच अनेक संघ गळून पडले, लीगच्या आयुक्तांना, म्हणजे प्रमुखांना, हटवण्यात आले, आणि एनएफएलचे माजी प्रशिक्षक जेफ फिशर यांच्याकडे सूत्रे देऊन उरलेल्या संघांनी कसाबसा मोसम पार पाडला. फायरबर्ड्स अंतिम सामन्यात पोहोचले आणि बिलिंग्ज आउटलॉजकडून ४६-४१ असे हरले. तो सामना न्यू जर्सीतील एका मॉलच्या आवारात झाला, यावरून लीगच्या परिस्थितीची कल्पना यावी. त्यानंतर टिकून राहिलेल्या काही मालकांनी जुन्या लीगचे नाव सोडून ‘अरीना फुटबॉल वन’ ही नवी लीग काढली आणि २०२५ मध्ये तिचे पहिले अजिंक्यपद ऑल्बनीने नॅशव्हिल कॅट्सला हरवून मिळवले.

म्हणजे १९९९, २०१९, २०२१, २०२२ आणि २०२५ अशी पाच अजिंक्यपदे या शहराकडे आहेत, पण ती तीन वेगवेगळ्या लीगमधील आहेत आणि त्यांतील पहिली लीग आज अस्तित्वातच नाही. प्रश्नकर्ता पुढेमागे अमेरिकेच्या या भागात येणार असेल तर त्याने सामना जरूर पाहावा. मोसम साधारण वसंतापासून जुलैपर्यंत असतो. मात्र तिकीट एकेका सामन्याचेच घ्यावे, आणि जागा दुसऱ्या रांगेत धरावी, म्हणजे भिंतीचा आवाज ऐकू येईल आणि कपडेही कोरडे राहतील.