पहिल्यांदाच कुणाला ख्रिस्ती विश्वासात सोबत करतोयस ना, मग हे वाच

सलाम रे. चर्चच्या पाळकांनी तुझ्याकडे नवीन मुलगा सोपवलाय आणि तुला टेन्शन आलंय, समजू शकतो. पहिलं म्हणजे भाषण तयार करू नकोस. मी सुरुवातीला वही भरून मुद्दे न्यायचो, दीड तास मीच बोलायचो आणि समोरचा बिचारा थंड चहावरची साय बघत बसायचा, तिसऱ्या आठवड्यानंतर त्याने माझा फोनच उचलला नाही. चूक माझीच.

आता मी बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरू करतो, १६च अध्याय आहेत, आठवड्याला एक धरला तर चार महिन्यात होतं. अर्धा त्याने मोठ्याने वाचायचा, अर्धा आपण, मग एकच विचारायचं, यातलं काय खटकलं? "काय आवडलं" विचारलं की लोक संडे स्कूलवाली उत्तरं देतात. उत्तर येत नसेल तर सरळ सांग की बघून सांगतो, आणि खरंच बघ.

बाप्तिस्म्याची घाई अजिबात नको. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ ला झाला, त्यांच्या बायकोचा, लक्ष्मीबाईंचा, १९०० मध्ये, घरातलंच माणूस तरी पाच वर्षं लागली. मत्तय २८ मध्ये शिष्य करा म्हटलंय खरं, पण आपले नाही हं, येशूचे! तो मुलगा तुझ्यासारखीच प्रार्थना करायला लागला, तेच शब्द, तोच सूर, तर जरा सावध हो.

आणि उपासनेनंतर त्याला गेटपाशी एकटा सोडून कमिटीच्या मीटिंगला पळू नकोस, आधी चार जणांशी ओळख करून दे. जमलं तर घरी जेवायला ने.