विशेष मुलांना ऑनलाइन वर्गात गोष्ट लिहायला कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की सहा मुलांचा वर्ग आहे, 'माझा आवडता पक्षी' असा विषय दिला की स्क्रीनवर नुसती शांतता पसरते, आणि कुणी लिहिलंच तर ते आईने सांगितलेलं असतं. मी विशेष शिक्षिका आहे, काही वर्षं ऑनलाइन वर्ग घेतेय. माझ्याकडेही अगदी हेच व्हायचं.

लेखन म्हणजे हाताने अक्षरं काढणं, हे आधी डोक्यातून काढून टाका. डिसग्राफिया (म्हणजे लिहिण्यातच येणारी अडचण) असलेल्या मुलाचं सगळं लक्ष वेलांटी कुठल्या बाजूला आणि जोडाक्षर कसं लिहायचं यातच संपतं, गोष्टीसाठी काही उरतच नाही. शुद्धलेखनाचा तास वेगळा ठेवा. गोष्टीच्या तासाला मूल बोलतं आणि मी शेअर केलेल्या कोऱ्या पानावर त्याच्यादेखत टाइप करते. जसं बोललं तसंच, एक शब्दही इकडचा तिकडे न करता.

हे 'जसंच्या तसं' मी ठेच लागून शिकले. ऑटिझम असलेला अकरा वर्षांचा एक मुलगा होता, कॅमेरा कायम छताकडे. एकदा फक्त मला दिसेल अशा चॅटमध्ये त्याने लिहिलं, 'पंखा दमला. पंखा बसला. आता घर गरम.' कॅमेरा वर का, ते मला तेव्हा कळलं! आनंदाच्या भरात मी ते वर्गाला वाचून दाखवलं, तेही 'पंखा बंद पडला' असं सुधारून. त्याचं वाक्य बदललं, आणि एकट्या मला सांगितलेलं चारचौघांत आणलं. पुढचे तीन आठवडे त्याने एक अक्षर लिहिलं नाही. शेवटी मी चॅटमध्येच माफी मागितली आणि विचारलं, 'पंखा बसल्यावर काय म्हणाला?' बऱ्याच वेळाने उत्तर आलं, 'मला पण पंखा पाहिजे.' तेव्हापासून कुणाचंही लिखाण विचारल्याशिवाय मोठ्याने वाचत नाही.

तो 'बराच वेळ' महत्त्वाचा. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबतात, आणि तेच ३ सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात. ते साध्या वर्गांबद्दल होतं. आपल्या मुलांना त्याहून जास्त वेळ लागतो. ऑनलाइन तर शांतता पसरली की आपल्याला नेट गेल्यासारखं वाटतं आणि आपण तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारतो. मुलाच्या दृष्टीने तो नवा प्रश्न, म्हणजे परत पहिल्यापासून सुरुवात. मी माइक बंद करून मनात वीसपर्यंत मोजते. जमायला वेळ लागला, बडबड्या माणसाला तर फारच.

आता आईचं. शेजारी बसून 'सांग ना, पोपट सांग' असं कुजबुजणं थांबवायला मी आधी विनंत्या करून पाहिल्या, फरक शून्य. मग ज्या मुलांना चालतात त्यांना हेडफोन लावायला सांगितले, अर्थात पालकांशी बोलूनच. प्रश्नच ऐकू येत नाही म्हटल्यावर उत्तर कुठून सांगणार! ज्यांना कानावर काही सहन होत नाही, त्यांच्या पालकांना मी एक काम देते: मूल जे बोलेल ते वहीत टिपून ठेवा, तुमचं काही घालू नका.

विषय देऊ नका, निवड द्या. 'काहीही लिही' हे सगळ्यात अवघड. स्क्रीनवर दोनच चित्रं ठेवा, बूट आणि ढग. कोण रुसलंय? कुणावर? न बोलणारं मूल चित्राकडे बोट दाखवेल, संवाद-फलक (बोलण्याऐवजी दाखवायच्या चित्रांचा तक्ता) वापरणारं त्यातलं चित्र निवडेल. तेही लेखनच आहे, तसंच नोंदवा. 'छान' असा शेरा मारण्यापेक्षा कुठलं वाक्य आपण होऊन आलं, कुठलं दोन पर्यायांतून निवडलं आणि कुठलं माझं ऐकून म्हटलं, एवढं तारखेसह लिहून ठेवते. वैयक्तिक शैक्षणिक आराखडा लिहिताना हीच वही कामाला येते.

बोलून टाइप करण्याची सोय जरूर वापरा, पण सेरेब्रल पाल्सीमुळे (यात स्नायूंवर नीट ताबा राहत नाही) उच्चार अस्पष्ट असतील तर यंत्र भलतंच लिहितं आणि मूल हिरमुसतं. तिथे टाइप आपणच करायचं. अर्थात भलतंच लिहिलेलं दर वेळी वाया जातं असंही नाही. एका मुलीच्या 'आकाशात ढग आला'चं यंत्राने 'आकाशात ठग आला' केलं. मी खोडायला गेले तर ती ओरडली, 'राहू दे!' पुढच्या चार वर्गांत त्या ठगाने एकेक करून चांदण्या चोरल्या.