थेंब पडत नाही, तरी गळती आहेच

गणपतीला आलेले चाकरमानी परत गेले, पाऊस ओसरला आणि चार महिने शेडमध्ये ताडपत्रीखाली असलेल्या गाड्या लोकांनी बाहेर काढल्या, त्यामुळे या वेळची जवळपास सगळी पत्रं जुन्या डिझेल गाड्यांची आहेत. चारच घेतोय, त्यातलं पहिलं जरा सावकाश.

प्रश्न : माझी २००३ ची डिझेल हॅचबॅक आहे, जुन्या रोटरी पंपाची, टर्बो वगैरे काही नाही. सकाळी पहिला सेल्फ पंधरा-वीस सेकंद खातो, मग खोकत खोकत चालू होते, पांढरा धूर सोडते, आणि एकदा चालू झाली की दिवसभर किल्ली लावली की चालू. मेकॅनिक म्हणतो पंप गेला, खोलून बसवायचे १८ हजार. पण खाली डिझेलचा एक थेंब नाही, मी रोज वाकून बघतो. एक गंमत म्हणजे घरासमोरच्या उतारावर तोंड खाली करून लावली तर सकाळी बरी चालू होते. हा माझा भास आहे का? (एक वाचक, गुहागर तालुका)

उत्तर : भास कसला, तुम्ही पत्राच्या शेवटच्या ओळीत उत्तरच लिहून पाठवलंय! पंपाचे १८ हजार अजिबात देऊ नका, निदान अजून तरी.

विहिरीवरचा पंप आठवा. फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप) जरा लिक असला की रात्रीत पाइपातलं पाणी खाली उतरतं, आणि सकाळी पंप नुसता घरघरतो, मग वरून दोन तांबे पाणी ओतून प्रायमिंग करायला लागतं. तुमच्या गाडीत हेच होतंय. टाकी मागे, पंप पुढे, आणि या जुन्या गाड्यांत पुढचा पंपच डिझेल ओढून घेतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतच्या पाइपात प्रेशर नसतं, ओढ असते. तिथे कुठे बारीक चीर असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून फरशी कोरडी. रात्री इंजिन बंद असताना ती हवा हळूहळू वर चढते, डिझेल टाकीकडे उतरतं आणि सकाळी पंपाच्या तोंडाशी हवाच. उतारावर तोंड खाली केलं की टाकी वर आणि पंप खाली, डिझेल आपसूक पुढे येऊन राहतं.

पहिली परीक्षा फुकटची आहे. सकाळी किल्ली लावायच्या आधी बॉनेट उघडा, डिझेल फिल्टरवरचा हँड प्रायमर (हाताने दाबून डिझेल ओढायचा छोटा पंप) कडक लागेपर्यंत दाबा, आणि मग हीटर प्लगचा (थंड इंजिन आतून तापवणारा प्लग) दिवा विझला की सेल्फ मारा. एका झटक्यात चालू झाली तर गाडी एअर घेतेय हे नक्की. प्रायमर पहिल्यापासूनच कडक असेल आणि तरी खोकत असेल तर हीटर प्लगकडे वळा, प्लगची वायर काढून मल्टिमीटरने प्लगचं टोक ते इंजिन असा रेझिस्टन्स बघा, चांगला प्लग एक ओहमच्या आसपास दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. मी स्वतः एकदा हे उलट्या क्रमाने केलं होतं, चारही प्लग नवे घातले, दोन महिने सगळ्यांना सांगत फिरलो की प्लग नकली निघाले, आणि शेवटी बोटाएवढा रबरी पाइप तडकलेला सापडला.

आता हवा शिरते कुठून. हार्डवेअरच्या दुकानातून आरपार दिसणारा पाइप आणा, दोन वीत पुरे, आणि तो फिल्टर ते पंप या मधल्या पाइपाच्या जागी तात्पुरता बसवा. इंजिन चालू करून बघा, बुडबुडे पळताना दिसतात. मग तोच पाइप फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला लावा. तिथे डिझेल स्वच्छ आणि पुढे बुडबुडे, म्हणजे चोर फिल्टरमध्येच: वरची रबरी रिंग, खालच्या पाणी काढायच्या स्क्रूचं सील, नाहीतर खुद्द प्रायमर. दोन्हीकडे बुडबुडे असतील तर मागे जा. हा पाइप कायमचा ठेवू नका, डिझेलने तो काही दिवसांत काठीसारखा कडक होतो.

आणखी एक युक्ती, ही मला फार आवडते. पाच लिटरच्या कॅनमध्ये स्वच्छ डिझेल घ्या, टाकीकडून येणारा पाइप फिल्टरवरून काढून त्या जागी कॅनमधला पाइप जोडा, काढलेल्या पाइपाचं तोंड बंद करा, प्रायमर मारून एअर काढा, एकदा गाडी चालू करून बंद करा आणि रात्रभर तशीच ठेवा. पण कॅन टाकीच्या उंचीलाच हवा. लोक बॉनेटच्या दांडीला टांगतात, मग तुमच्या उतारासारखं होतं, डिझेल आपोआप खाली येतं आणि सकाळी गाडी चालू झाली म्हणून माणूस फसतो. कॅन खाली ठेवून सकाळी झटक्यात चालू झाली तर पंप, फिल्टर सगळं ठीक, गडबड टाकीकडच्या पाइपात. तरीही खोकली तर फिल्टरपासून पुढे शोधायचं. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलवरचे बारीक रिटर्न पाइप उन्हाने आणि इंजिनच्या गरमीने तडकतात, तिथूनही रात्री हवा शिरते. तिकडे सगळं ठीक निघालं तर पंपाच्या शाफ्टचं सील, तेव्हा मग मेकॅनिकला फोन करा. आणि डिझेल परत जायचा पाइप गाडीच्या टाकीतच जातो हे विसरू नका, कॅन भराभर रिकामा होतो, घाबरू नका.

तुमचा उतारही कामाला लावा. जिथून हवा आत येते तिथून तोंड खाली असताना डिझेल बाहेर यायला बघतं. म्हणून रात्री उतारावर लावा, गिअरमध्ये, हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून, आणि सकाळी चालू करायच्या आधी प्रत्येक जोडावर टिश्यूचा तुकडा फिरवा. जरासा ओला झाला तरी सापडला. टाकीच्या वरचा जोड मात्र यात कळत नाही, तिथपर्यंत डिझेल येत नाही. आपल्याकडे खाऱ्या हवेने टाकीच्या वरच्या बाजूची लोखंडी नळी गंजते, वर मातीचा थर बसलेला असतो म्हणून दिसत नाही, तारेच्या ब्रशने घासा आणि मग बघा.

सापडल्यावर टेफलॉन टेप गुंडाळायची नाही, तिचे तुकडे पंपात जातात. रबरी पाइप डिझेलचाच घ्या, पाण्याचा नको, आणि क्लिप इतकी आवळू नका की रबर कापलं जाईल. बॅन्जो बोल्ट (ज्याच्या पोटातून डिझेल जातं तो पोकळ बोल्ट) खोललात तर तांब्याचे वायसर नवे.

एक इशारा, तुमच्यापेक्षा जास्त बाकीच्या वाचकांना: गाडी कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच नळीतून हाय प्रेशरने डिझेल देणारी नवी पद्धत) असेल तर नोझलकडचा हाय प्रेशर पाइप सैल करून एअर काढायला जाऊ नका आणि चालू इंजिनवर हात फिरवून लिकेज तर कुठल्याच डिझेल गाडीत शोधू नका. कॉमन रेलमध्ये प्रेशर १००० बारच्या वर जातं, बारीक फवारा कातडीच्या आत घुसतो, वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आत सगळं खराब होतं. तसं झालं तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल.

प्रश्न : गाडीखाली रोज हाताच्या पंजाएवढा काळा डाग. एकाने सांगितलं इंजिनचं मागचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवायला लागेल. (कणकवली)

उत्तर : डाग खाली पडतो तिथे लिकेज नसतं, हे आधी लक्षात घ्या. ऑइल वरून ओघळतं, वाऱ्याने मागे जातं आणि सगळ्यात खालच्या टोकावरून टपकतं, म्हणून दर वेळी बिचाऱ्या मागच्या सीलवर आळ येतो. आपल्या तांबड्या मातीचा इथे उपयोग आहे, ऑइल जिथून जिथून गेलंय तिथे मातीचा जाड थर बसलेला असतो, तो खरवडायच्या आधी फोटो काढून ठेवा. नंतर थंड इंजिन डिग्रीझरने धुवा (अल्टरनेटरवर पाण्याचा फवारा नको), सुकू द्या, संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर उडवा, पंधरा-वीस किलोमीटर फिरून या आणि टॉर्च घेऊन बघा. पावडर जिथे सगळ्यात वर ओली झाली, ती जागा. बहुतेक वेळा टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या अगदी वरच्या झाकणाचं) पॅकिंग निघतं. बऱ्याच जुन्या डिझेलमध्ये ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीला असतो, त्याला ऑइलचा पाइप जातो, तोही बघा.

आणि कुठलंही सील बदलायच्या आधी इंजिनचा ब्रीदर पाइप (आतला वायू बाहेर सोडणारा) काढून फुंकून बघा. तो चोंदला की इंजिनात प्रेशर साठतं आणि ऑइल मिळेल त्या सीलमधून बाहेर येतं, नवीन सीलमधूनसुद्धा.

गाडीखाली शिरताना जांभ्याचे चिरे लावून शिरू नका. चिरा भिंतीला चांगला, गाडीच्या वजनाला अचानक फुटतो. नुसत्या जॅकवरही नको, लोखंडी स्टँड आणा.

प्रश्न : घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. सेल्फ रडत रडत फिरतो, दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलल्या. आमचो मिस्त्री म्हणता आता सेल्फ बदल. (मालवण)

उत्तर : मिस्त्रीला जरा थांबवा. बॅटरीची मायनस ते इंजिनचा साफ लोखंडी भाग असा मल्टिमीटर व्होल्टवर लावा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. सेल्फ फिरताना तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर करंट अर्थिंगच्या पट्टीतच अडतोय. तुमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने ती पट्टी आतून हिरवी पडते, वरून धडधाकट दिसते. पट्टीच्या दोन्ही टोकांचे बोल्ट खोला, चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट करा, वरून पेट्रोलियम जेली. पट्टी कुजली असेल तर नवी घाला. मग बॅटरीची प्लस ते सेल्फचा जाडा बोल्ट असंच मोजा. दोन्हीकडे व्यवस्थित निघालं तर मिस्त्रीचं बरोबर आहे, सेल्फ खोला.

प्रश्न : आंबा घाट चढला की कूलंटची बाटली अर्धी होते, खाली मात्र काही सांडत नाही. विहिरीचं पाणी घालतो. (साखरपा)

उत्तर : आधी विहिरीचं पाणी बंद करा, त्याच्या क्षारांचा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट घाला. मग दोन गोष्टी बघा. पुढच्या सीटसमोरचा, पायाखालचा गालिचा ओलसर आणि गोडूस वासाचा आहे का? असेल तर केबिनचा हीटर गळतोय. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकाशी पांढरट-हिरवट पापुद्रा आहे का? असेल तर कूलंट तिथून येतं आणि गरम इंजिनवर सुकतं, म्हणून खाली सांडत नाही. दोन्ही नसेल तर रात्रभर थंड झालेल्या गाडीचा रेडिएटरचा वरचा होज सकाळी दाबून बघा. तो तेव्हाही टणक लागला तर हेड गॅस्केटचा (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांमधल्या पॅकिंगचा) संशय घ्या आणि घाटात न्यायच्या आधी दाखवून घ्या. आणि झाकण गरम इंजिनवर उघडू नका, घाटमाथ्यावर कितीही घाई असली तरी.