दुकानाबाहेरचा अलार्मचा हूटर पावसात आपोआप वाजतो, सगळाच बदलावा लागेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चिपळूणच्या बाजारपेठेत दुकान, शटरच्या वर साताठ वर्षांपूर्वी लावलेला हूटर, त्यालाच निळा फ्लॅशर. जुलै २०२१ च्या पुरात काउंटरखालचं पॅनेल (अलार्म चालवणारं मुख्य खोकं) गेलं म्हणून ते नवं घेतलं, वरचा हूटर मात्र जुनाच राहिला. आता पाऊस लागला की रात्री-अपरात्री ठणाणा सुरू होतो, पॅनेलवर 'टॅम्पर' दिसतं आणि देखभालीचा माणूस म्हणतो, सगळा सेट बदला.

इतक्यात बदलू नका. मी १७ वर्षं रत्नागिरी ते खेड या पट्ट्यात हेच काम करतोय. खोकं न उघडताच 'बदला' म्हणणाऱ्याला शिडीवर चढायचा कंटाळा आलाय असं मी धरून चालतो.

टॅम्पर म्हणजे खोक्याच्या आतला बटणासारखा छोटा स्विच. झाकण घट्ट बसलेलं असलं की तो दाबलेला राहतो, कुणी झाकण उचकटलं की सुटतो आणि बोंब होते. बऱ्याच खोक्यांत भिंतीच्या बाजूलाही एक असतो, सबंध खोकंच उपटलं तर कळावं म्हणून. पॅनेलवर टॅम्पर दिसत असताना कुणाला तरी शिडीवर चढवा आणि झाकण अंगठ्याने दाबून धरायला सांगा. दाबल्यावर टॅम्पर गेला, तर उन्हाने झाकण वाकलंय आणि स्विच जेमतेम टेकतोय. वाऱ्याच्या झोताने झाकण हललं की वाजणारच. स्विच जिथे टेकतो तिथे आतून रबराचा एक तुकडा चिकटवला आणि गंजलेले स्क्रू बदलले की झालं. दाबूनही टॅम्पर जात नसेल तर बहुतेक आत पाणी आहे, नाहीतर मुंग्या.

पाण्याच्या बाबतीत माझीच एक फजिती सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत एका पतसंस्थेच्या हूटरमध्ये पाणी शिरत होतं. मी शहाणपणा करून खोक्याला चारही बाजूंनी सिलिकॉन भरलं. पुढच्या जुलैत झाकण काढलं तर तांब्याभर पाणी माझ्या बाहीत आलं. खोक्याच्या तळाला दोन बारीक भोकं असतात, ती आतला दमटपणा आणि पाणी बाहेर पडायला ठेवलेली असतात. मी तीच बुजवली होती. पाणी येत होतं वरून, भिंतीतल्या केबलच्या भोकातून, आणि खालून जायला वाट नव्हती. वर आणखी एक चूक, मी साधं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरलं होतं. त्यातून सुटणारं आम्ल तांब्याला खातं. टर्मिनलवरच्या तारा हिरव्या होऊन हातात आल्या. तेव्हापासून मी न्यूट्रल, म्हणजे आम्ल न सोडणारं सिलिकॉनच वापरतो. तेही फक्त वरच्या कडेला आणि दोन्ही बाजूंना, खालची कड मोकळी. केबल खोक्यात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, आत येत नाही. गावाकडे पागोळ्या कुठून पडतात ते बघून माणूस अंगणात उभा राहतो, तसंच हे.

हिरवा कीट दिसला तर तार तेवढी कापून नवं टोक काढा. सर्किटची पाटी जुन्या टूथब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासा, पूर्ण वाळू द्या. खाडीजवळ खारी हवा असेल तर हे वर्षातून दोनदा: एकदा मे महिन्यात, एकदा नवरात्राच्या आसपास.

किड्यांचं म्हणाल तर हूटरचं तोंड म्हणजे त्यांना तयार घर. कुंभारीण माशी सायरनच्या भोंग्यात मातीचं घरटं बांधते, मग आवाज नाकात बोलल्यासारखा येतो. पाल पाटीवर चिकटून मेलेली मी निदान दहा-बारा वेळा काढली असेल. आणि दिवाळीआधीचा रंगारी हा किडा नव्हे, पण नुकसान तितकंच करतो. भिंतीबरोबर हूटरची जाळीही रंगवून मोकळा होतो. त्याला आधी सांगून ठेवा, प्लॅस्टिकची पिशवी बांधा, आणि काम झाल्यावर ती आठवणीने काढा.

आता तुम्ही न विचारलेलं, पण जास्त महत्त्वाचं. तुम्हाला त्रास आहे तो नको तेव्हा वाजण्याचा. मला शंका आहे की हवा तेव्हा तो वाजणारच नाही. चांगल्या हूटरच्या खोक्यात स्वतःची छोटी बॅटरी असते. पॅनेलकडून एका तारेवर सतत १२ व्होल्टच्या आसपास दाब येत राहतो, त्याला आम्ही होल्ड म्हणतो. चोराने केबल कापली की होल्ड जातो आणि खोकं स्वतःच्या बॅटरीवर ओरडायला लागतं. पुराच्या पहाटे तुमचं पॅनेल बुडालं तेव्हा हेच झालं असणार. त्या दिवशी बाजारात पाण्याच्या वर कितीतरी हूटर बॅटरी संपेपर्यंत ओरडत होते, ऐकायला कुणी नव्हतं. त्यानंतर दुकान साफ होऊन नवं पॅनेल लागेपर्यंत दिवसच्या दिवस ती बॅटरी रिकामी पडून राहिली. शिशाची बॅटरी रिकामी ठेवली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेट बसतं आणि पुढे ती चार्ज झाल्याचं नुसतं नाटक करते. त्यात पश्चिमेची भिंत असेल तर उन्हाचा मार वेगळा. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना अशा बॅटरीचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. तेव्हा ती बॅटरी तपासत बसू नका, सरळ नवी घाला.

पॅनेलमधली १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी मात्र मोजून बघण्यासारखी आहे. चार्जिंग चालू असताना मीटर १३.६ ते १३.८ दाखवेल, त्याला भुलू नका, तो आकडा चार्जरचा. मेन बंद करा, एखादा तास जाऊ द्या, मग हूटर वाजवून दोन मिनिटं मीटर बघा. ११ च्या खाली घसरली की मी ती बदलतो, वय कितीही असो.

आणि चाचणी घेताना पॅनेलचं बटण दाबून 'वाजला, झालं' म्हणू नका. चोर काय करेल ते करा. मेन स्विच पाडा, मग होल्डची तार पॅनेलच्या टर्मिनलमधून सोडवा. वर खोकं बोंबललं पाहिजे आणि फ्लॅशर लुकलुकला पाहिजे. इथेच गप्प बसणारे हूटर मी मोजायचे सोडून दिलेत, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या देखभालीच्या वहीत दर तिमाहीला 'ओके' लिहिलेलं असतं. (स्वस्तातला दोन तारांचा हूटर असेल तर त्यात बॅटरीच नसते, केबल कापली की संपलं. तुमच्याकडे टॅम्पर दिसतोय म्हणजे तुमचा तसा नसावा, पण झाकण उघडल्यावर खात्री करा.)

आवाज बारीक वाटला तर केबल बघा. अलार्मची ती बारीक तार, ०.२२ चौरस मिलिमीटरची, मीटरला साधारण ०.०८ ओहम. पॅनेलपासून हूटर ३० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे पावणेपाच ओहम. हूटर आणि फ्लॅशर मिळून अर्धा अँपिअर घेत असतील तर वाटेतच जवळपास २.४ व्होल्ट गेले. केबलमधल्या रिकाम्या तारा जोडीने वापरा, आवाज लगेच उघडतो.

फ्लॅशरकडे लोक शोभेची वस्तू म्हणून बघतात. खरं तर सायरन थांबल्यावरही तो चालू राहिला पाहिजे, म्हणजे तुम्ही किंवा पोलीस रात्री बाजारात पोचलात तर कुठलं दुकान ते लांबून कळतं. जुन्या फ्लॅशरमध्ये झेनॉनची काचनळी असते. तिची टोकं काळी पडली आणि लुकलुकणं अडखळायला लागलं की तिचे दिवस भरले, एलईडीचा घाला. नळीवाल्या पाटीला लगेच हात लावू नका, तिच्या कपॅसिटरमध्ये तीनेकशे व्होल्ट असतात आणि वीज काढल्यावरही थोडा वेळ राहतात. मला एकदा बसलाय, शिडीवर. वरचं निळं झाकण साबणाच्या पाण्याने पुसा. थिनर, पेट्रोल अजिबात नको. एका मेडिकलवाल्याने रंगाचे शिंतोडे थिनरने पुसले, दुसऱ्या दिवशी सबंध झाकणावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा आणि पहिल्या पावसात त्यातून पाणी.

उघडण्याआधी पॅनेल सर्व्हिस मोडला (दुरुस्तीच्या वेळी अलार्म न वाजू देणाऱ्या स्थितीत) टाका, नाहीतर एक मीटरवर ११० डेसिबल मोजला जाणारा भोंगा थेट कानाशी सुरू होईल. कानात बोळे घाला, शिडी धरायला माणूस ठेवा. चाचणी सकाळी अकराच्या सुमारास करा आणि वरच्या मजल्यावर आधी सांगून या. पॅनेलमध्ये सायरनची वेळ मी ५ मिनिटांवर ठेवतो. निवासी भागात रात्री १० नंतरची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि तुमचा हूटर दहा मीटरवरसुद्धा नव्वदच्या घरात जाणार. एका ठिकाणी शेजारच्या काकूंनी तीन रात्री सहन केलं, चौथ्या रात्री त्यांच्या मुलाने कात्रीने केबलच कापली. आतली बॅटरी मेलेली होती म्हणून हूटर गप्प झाला, आणि मालकाला ते दोन महिने कळलं नाही.

सबंध खोकं बदलायचं ते पाटीवरचे तांब्याचे मार्गच कीट खाऊन तुटले असतील तर, किंवा प्लॅस्टिक नखाने भुकटीसारखं निघत असेल तर. नाहीतर बॅटरी, स्क्रू, रबराचा तुकडा, केबलचा झोळ एवढ्यावर भागेल. झाकण काढलंत की आतला फोटो इथे टाका. कीट कुठल्या टर्मिनलवर आहे ते दिसलं की पुढचं सांगतो.